आकड्यांची प्रयोगशाळा

(विज्ञानातील काही प्रश्न संगणकाच्या मदतीने सोडवावे लागतात. अशा संशोधनाची आणि त्यासाठी मिळणाऱ्या अधिछात्रवृत्तीची माहिती या पाठात दिली आहे.)

पाऊस कधी येईल? हा प्रश्न शेतकऱ्याला पडतो, तसाच मच्छीमारालाही पडतो. पण आकाश काही प्रयोगशाळेत आणता येत नाही. परीक्षानळीत ढग भरता येत नाहीत. मग शास्त्रज्ञ प्रयोग कुठे करतात? ते आकड्यांत करतात. हवेचा दाब, तापमान, दमटपणा आणि वाऱ्याचा वेग यांची समीकरणे मांडून उद्याची हवा कशी असेल, हे ते गणिताने शोधतात. संगणकशास्त्रात संगणकाचा अभ्यास होतो. संगणकीय विज्ञानात मात्र संगणकाच्या मदतीने निसर्गाचा अभ्यास होतो.

हा विचार संगणकाहून जुना आहे. लुई फ्राय रिचर्डसन हे इंग्लंडचे शास्त्रज्ञ. पहिल्या महायुद्धात ते फ्रान्समध्ये जखमी सैनिकांची रुग्णवाहिका चालवत. त्या धामधुमीतही त्यांनी हवेची गणिते केली. २० मे १९१० या दिवसाच्या फक्त सहा तासांचा अंदाज काढायला त्यांना सुमारे सहा आठवडे लागले. शिवाय उत्तर चुकले! हवेचा दाब १४५ मिलिबारने वाढेल, असे गणित सांगत होते. प्रत्यक्षात तो जवळजवळ स्थिर होता. तरीही १९२२ मध्ये आपल्या पुस्तकात त्यांनी हे चुकलेले उत्तर प्रामाणिकपणे छापले. पद्धत योग्य होती, दोष सुरुवातीच्या आकड्यांत होता, हे पुढे लक्षात आले.

१९५० मध्ये अमेरिकेत जूल चार्नी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एनिॲक या संगणकावर असेच गणित केले. चोवीस तासांच्या अंदाजाला सुमारे चोवीस तासच लागले. म्हणजे अंदाज हाती येईपर्यंत तो दिवस संपलेला! पण मार्ग सापडला होता.

आपला देशही या मार्गाने निघाला. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तेथे १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक तयार झाला. २०२४ मध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत 'अर्क' हा महासंगणक सुरू झाला. एकावर सोळा शून्ये मांडली तर जी संख्या होते, तिच्याहून अधिक आकडेमोडी एका सेकंदात करण्याची त्याची क्षमता आहे.

एवढे वेगवान यंत्र असताना माणसाचे काय काम? यंत्र फक्त हिशेब करते. कोणता प्रश्न विचारायचा, कोणते समीकरण लावायचे, आलेले उत्तर खरे मानायचे की नाही, हे माणसालाच ठरवावे लागते. त्यासाठी विज्ञान, गणित आणि संगणक या तिन्ही विषयांची जाण हवी. ती यायला अनेक वर्षे लागतात.

येथेच खरी अडचण येते. मुलगा किंवा मुलगी पदवीधर झाली, की घर पगाराची वाट पाहू लागते. वडील थकलेले असतात. धाकट्या भावंडांची फी भरायची असते. अशा वेळी "मला अजून पाच वर्षे शिकायचे आहे," असे कोणत्या तोंडाने सांगायचे? कितीतरी हुशार विद्यार्थी येथेच थांबतात.

अधिछात्रवृत्ती, म्हणजेच फेलोशिप, यासाठीच असते. उर्दूत आपण तिला वजीफा म्हणतो. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने १९९१ मध्ये खास संगणकीय विज्ञानासाठी अशी योजना सुरू केली. तिच्यातील विद्यार्थ्यांना वरील तिन्ही विषय शिकावे लागतात आणि राष्ट्रीय प्रयोगशाळेत सुमारे बारा आठवडे प्रत्यक्ष कामही करावे लागते. भारतात पदव्युत्तर शिक्षणानंतर अनेक विद्यार्थी 'नेट' परीक्षा देतात. तिच्यातून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीसाठी निवड होते. जानेवारी २०२३ पासून तिची रक्कम पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे दरमहा ४२,००० रुपये ठरली. ही मदत जास्तीत जास्त पाच वर्षे मिळते.

ही रक्कम म्हणजे दान नव्हे. ते कामाचे मोल आहे. मात्र ती मिळाली म्हणजे नोकरी पक्की झाली, असेही नाही. मुदत संपली, की आपल्या कामाच्या बळावर पुढची जागा मिळवावी लागते. हवामान, औषधे, विमाने, भूकंप अशा अनेक क्षेत्रांत हे ज्ञान उपयोगी पडते.

मित्रांनो, संशोधन ही फक्त श्रीमंतांच्या मुलांची मिरास नाही. रिचर्डसन यांच्याजवळ संगणक नव्हता, चिकाटी होती. आज संगणक आहे आणि अधिछात्रवृत्तीही आहे. चिकाटी मात्र आजही ज्याची त्यालाच आणावी लागते.

शब्दार्थ
दमटपणा – हवेतील ओलावा
धामधूम – गडबड, धावपळ
आकडेमोड – हिशेब, गणित करणे
मोल – किंमत
मिरास – वारशाने मिळालेला हक्क
चिकाटी – काम न सोडण्याचा गुण

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) रिचर्डसन यांना सहा तासांच्या अंदाजासाठी किती काळ लागला?
(आ) 'परम ८०००' कोठे तयार झाला?
प्र. २. कारणे लिहा.
(अ) १९५० मधील अंदाजाचा त्या दिवशी उपयोग नव्हता.
(आ) अनेक हुशार विद्यार्थी पदवीनंतर शिक्षण थांबवतात.
प्र. ३. 'वाट पाहणे' व 'उपयोगी पडणे' यांचा वाक्यांत उपयोग करा.
उपक्रम : आठ दिवस वर्तमानपत्रातील हवामानाचा अंदाज लिहून ठेवा. तो किती वेळा खरा ठरला, ते वर्गात सांगा.