कमी दिवसांचं बाळ आणि आईचं इंजेक्शन : खर्च किती, मागायचं कुठे?

सातव्या-आठव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या किंवा पाणी गेलं, की वरूडमधलं कुटुंब आधी अमरावतीला न्यायला गाडी शोधतं. गाडी लागेलच, पण ग्रामीण रुग्णालयातून निघण्याआधी सिस्टरना विचारा, "डेक्सामिथासोनचा पहिला डोस दिला का?"

हे इंजेक्शन टोचायचं आईला, पण ते असतं बाळासाठी. कमी दिवसांच्या बाळाच्या फुफ्फुसांत हवेच्या पिशव्या उघड्या ठेवणारा स्निग्ध पदार्थ पुरेसा नसतो. श्वास घेताना त्याची छाती आत ओढली जाते. डेक्सामिथासोन या स्टेरॉइडमुळे तो पदार्थ पोटातच लवकर तयार होतो. न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि होवी यांनी हा फायदा १९७२ मध्येच दाखवून दिला.

आपल्याकडे २४ ते ३४ आठवड्यांदरम्यान ६ मिलिग्रॅमचे चार डोस दर १२ तासांनी देतात. पूर्ण गुण यायला साधारण एक दिवस लागतो, म्हणून पहिल्या डोसाचा वेळ वाटेत वाया जाऊ देऊ नये. मोठ्या रुग्णालयात पाठवण्याआधी तो एएनएमनेही द्यावा, असं केंद्र सरकारच्या २०१४ च्या सूचना सांगतात. पहिला डोस कधी दिला, ती वेळ चिठ्ठीवर लिहून घ्या. आईला ताप, अंगावरून घाण वास येणारं जाणं किंवा शुगर असेल, तर आधी सांगा. आणि नुसती खबरदारी म्हणून हे इंजेक्शन मागू नका.

आता पैसे. बाहेरून घेतले तरी चारही डोस शंभर रुपयांच्या आत बसतात. सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात औषध, तपासण्या, सिझेरियन, जेवण आणि गाडी, सगळं मोफत. १०२ किंवा १०८ लावा. अमरावतीच्या जिल्हा स्त्री रुग्णालयात, म्हणजे डफरीनमध्ये, बाळाला पेटीत ठेवावं लागलं तरी त्याचं बिल नाही. खासगीत मात्र बाळाच्या फुफ्फुसात सोडायच्या औषधाची एक कुपीच हजारोंची असते, वर अतिदक्षतेचं रोजचं बिल वेगळं. संत्र्याच्या मृग बहाराचा सगळा पैसा त्यात जाऊ शकतो.

डोस द्यायचा की नाही हे आठवड्यांवर ठरतं. म्हणून पहिल्या तीन महिन्यांतला सोनोग्राफीचा रिपोर्ट माता-बाल कार्डातच ठेवा, आणि बाळंतपण माहेरी असेल तर दोन्ही सासरहून सोबत न्या.