डुकराला पॉइंट टू-टू पुरत नाही

गौरी-गणपती पोचवले की हळवं भात दुधात येतं आणि त्याच सुमारास डुकरांची पहिली फेरी पडते. सकाळी कुणग्यावर जावं तर मेर नाकाडाने उकरलेली, मधोमध लोळण घातलेली, लोंब्या चघळून चोथा टाकलेला. चार महिन्यांची मेहनत अशी आडवी झालेली दिसली की माणसाला पहिली आठवते ती बंदूक. यंदा एका वाडीत बैठकीला गेलो होतो, तिथे एका तरुण बागायतदाराने विचारलं, "काका, बारा बोरपेक्षा पॉइंट टू-टू रायफल घेतली तर? नेम अगदी पक्का बसतो म्हणतात."

नेम पक्का बसतो हे खरंच आहे. ती रायफल कशासाठी बनली, ते मात्र आधी बघू.

लहान बोरची, नेमकी रायफल हा शौक वाढला तो अमेरिकेत. तिथल्या गवताळ माळांवर प्रेअरी डॉग नावाचा खारीच्या कुळातला प्राणी बिळं करून राहतो. कुरणवाल्यांना त्याचा उपद्रव वाटतो. उभा राहिला तर पाण्याच्या बाटलीएवढा, आणि मारणारा शे-दोनशे मीटरवर. एवढ्याशा निशाण्यासाठी १९३० साली पॉइंट टू-टू हॉर्नेट हे काडतूस आलं, १९५० साली ट्रिपल टू रेमिंग्टन, २००२ साली त्याहून बारीक पॉइंट वन-सेव्हन एचएमआर. शंभर यार्डांवर पाच गोळ्या एका इंचात बसल्या पाहिजेत, ही तिथली कसोटी. त्यासाठी जड नळी, जी लवकर तापत नाही; हलका, स्वच्छ सुटणारा चाप; वर दुर्बीण; आणि पुढे टेकायला वाळूची पिशवी. जाणकार तर एकाच रायफलीत चार बनावटीची काडतुसं उडवून बघतात, कारण एका नळीला जी मानवतात ती शेजारच्या नळीला मानवतीलच असं नाही. मलाही हे सगळं आवडतं. ज्याला नेमबाजीच्या मैदानावर कागद भोकायचा आहे, त्याने याच कसोट्यांवर रायफल निवडावी.

आपलं गिऱ्हाईक वेगळं आहे. मोठा नर क्विंटलभर भरतो, खांद्यावरचं कातडं जाड, आणि तो येतो अंधारात, वीस-तीस पावलांवर. पॉइंट टू-टूची नेहमीची गोळी साडेपाच मिलिमीटर जाडीची आणि अडीच ग्रॅमच्या आसपास वजनाची. ती डुकराला लागते, पण पाडत नाही. जखमी डुक्कर करवंदीच्या जाळीत जाऊन बसतं आणि सकाळी गुरं सोडायला गेलेल्या माणसावर येतं. शिवाय ती गोळी नेम चुकला म्हणून तिथेच थांबत नाही. ती दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. भाताच्या खाचरात पाणी आहे, गडगा जांभ्याचा आहे; पाण्यावर किंवा दगडावर तिरकी लागलेली बारीक गोळी उसळून कुठे जाईल ते ब्रह्मदेवाला ठाऊक. कोकणात दीड किलोमीटरच्या आत दुसरी वाडी नाही अशी जागा मला दाखवा.

कायद्याचा रोखही तसाच आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचं तेरावं कलम पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचं नाव घेतं. तिने भागत नाही असं परवाना देणाऱ्याला पटलं, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक, म्हणजे आपली काडतुसाची बारा बोर. रायफलच्या नळीला आतून पीळ असतो. शेतीसंरक्षणाच्या नावाने ती मागायला गेलात तर कचेरीत हेलपाटेच होतील.

एक पळवाट पोरं शोधतात ती छर्‍याच्या एअरगनची. साडेचार मिलिमीटर बोर आणि २० ज्यूलच्या आतली ताकद असेल तर तिला परवाना लागत नाही, हे बरोबर. पण परवाना बंदुकीला नाही, म्हणून समोरच्या जिवालाही नाही असं होत नाही. माकड, वानर, मोर, पोपट हे सगळे वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत. माकडाच्या पाठीत छर्रा घालणं हा गुन्हा आहे आणि त्याने माकडं जातही नाहीत, आणखी बिथरतात. उंदराला परवानगी लागत नाही, पण त्याला बिळाशी गाठावं. बंदुकीने उंदीर मारायला निघालेला शेतकरी मी अजून पाहिलेला नाही.

आता बारा बोरकडे. बारा म्हणजे काय, ते बऱ्याच परवानाधारकांनाही ठाऊक नसतं. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोर. आतून साधारण साडेअठरा मिलिमीटर. हिच्यात नेम म्हणजे एक गोळी नव्हे, दाण्यांचा फैलाव. आणि तो प्रत्येक बंदुकीचा वेगळा. जुन्या दुनळीच्या दोन नळ्यासुद्धा सारख्या फेकत नाहीत, कारण बहुधा एकीचं तोंड दुसरीपेक्षा आवळलेलं असतं.

म्हणून बंदूक घेताना नक्षी आणि पॉलिश बघू नका. नळी उजेडाकडे धरून आतून बघा. गंजाचे खड्डे किंवा एखादं वलय दिसलं तर ती बंदूक ठेवून द्या, कारण वलय म्हणजे नळी कधीतरी आतून फुगलेली आहे. बिजागरी बंद करून हलवा. खुळखुळ वाजता कामा नये. घोडा चढवून सुरक्षा खटका लावा आणि चाप दाबा. घोडा सुटला तर सौदा तिथेच संपला. हे सगळं अर्थात नळी रिकामी आहे, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्यावरच.

मग फैलावाची परीक्षा. परवानगी असलेल्या नेमबाजीच्या मैदानावर जुन्या वर्तमानपत्राचे ताव जोडून त्यावर जेवणाच्या ताटाएवढं वर्तुळ काढा. डुकराच्या छातीचा मर्मभाग साधारण तेवढाच. वीस पावलांवरून एक बार, पंचवीसवरून एक, तीसवरून एक, आणि दर वेळी नवा कागद. तुम्ही शेतात वापरणार तीच मोठ्या दाण्यांची एलजी किंवा एसजी काडतुसं घ्या. मी एकदा एका जुन्या एकनळीचे असे कागद बघितले. वीसवर सगळे दाणे ताटात, पंचवीसवर दोन काठावर, तीसवर निम्मे ताटाबाहेर. मालक मात्र वर्षानुवर्षं चाळीस पावलांच्या गोष्टी सांगत होता! ज्या अंतरावर दाणे ताटाबाहेर जायला लागतात त्याच्या आत तुमच्या बंदुकीची हद्द. तेवढ्या पावलांवर शेतात खुंटी ठोका. खुंटीपलीकडच्या डुकराला ओरडून हाकला.

जागा निवडताना माच थोडा उंचावर हवा, म्हणजे बार खाली मातीत जातो. समोर बांध किंवा दरड असलीच पाहिजे. आणि बॅटरीच्या उजेडात जनावर पूर्ण दिसल्याशिवाय बोट चापाकडे न्यायचं नाही. नुसती हालचाल, नुसता खसखस आवाज, नुसते डोळे चमकले म्हणून बार काढला आणि डुकराच्या जागी शेजारी पडला, अशा बातम्या तुम्हीही वाचल्या असतील.

पावसाळी हवेत बंदूक चामड्याच्या खोळीत ठेवू नका, खोळ दमट राहते आणि नळी आतून खाते. नळीच्या तोंडात चिखल गेला असेल तर आधी बंदूक उघडून काडतुसं काढा, मग चिखल. तसाच बार केला तर नळी फाटते.

वडिलांच्या नावाची बंदूक घरात आहे म्हणून ती तुम्हाला उचलता येत नाही. परवाना तुमच्या नावाचा हवा. आणि परवाना असला, तरी रानडुक्कर मारायला वेगळी परवानगी लागते. आपल्या राज्यात त्यासाठी वनक्षेत्रपालांकडे अर्ज करायचा असतो. नुकसानीचा पंचनामा आणि फोटो जोडा, सातबारा जोडा. परवानगीने मारलेलं डुक्करही सरकारचं असतं, वाडीत वाटे घालायचे नाहीत.

हळवं भात कापायला आता महिनाही उरलेला नाही. अर्ज याच आठवड्यात द्या.