महाग लॅपटॉप : माल किती आणि नावाचा भाव किती?

लातूरच्या आडत बाजारात तूर किंवा सोयाबीन घेताना आपला व्यापारी मूठभर दाणे हातावर घेतो. ओलावा, माती, डागी दाणा पाहतो आणि मगच भाव बोलतो. तोच व्यापारी लाख रुपयांचा लॅपटॉप घेताना मात्र झाकणावरचे नाव पाहून पैसे मोजतो. हा पैसा बहुधा धंद्याच्या भांडवलातूनच जातो. म्हणून महाग लॅपटॉप कसा पारखावा, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

प्रथम हिशेब पाहू. समजा, एक लॅपटॉप ५९,००० रुपयांचा आहे व तीन वर्षे चालतो. दुसरा १,१८,००० रुपयांचा आहे व सहा वर्षे चालतो. दोन्हींचा वर्षाचा खर्च सुमारे १९,६६७ रुपये, म्हणजे सारखाच पडतो. याचा अर्थ, दुप्पट किमतीचा माल दुप्पट टिकला किंवा त्याने कामात तेवढी भर घातली, तरच तो परवडतो. या किमतीत १८ टक्के जीएसटी आहे. नियमित नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याने धंद्यासाठी खरेदी करून बिलावर आपला जीएसटी क्रमांक घातला, तर १८,००० रुपयांच्या कराचे क्रेडिट मिळू शकते. कंपोझिशन योजनेतील दुकानदाराला आणि नोंदणी नसलेल्या कारागिराला ते मिळत नाही. त्यांच्यासाठी तोच लॅपटॉप खऱ्या अर्थाने महाग आहे.

आता माल पाहू. सर्वात मोठी फसगत प्रोसेसरच्या नावात होते. 'आय ७' म्हणजे 'आय ५' पेक्षा भारी, असे सर्रास समजले जाते. परंतु इंटेलच्या २०२२ मधील आय ७-१२५५ यू मध्ये १० कोअर आहेत, तर आय ५-१२५०० एच मध्ये १२. शेवटचे अक्षर महत्त्वाचे आहे. 'यू' कमी वीज खातो व बॅटरी जास्त वेळ चालवतो. 'एच' जड कामाचा, पण जास्त तापणारा. ज्याला फिरतीवर बिले करायची आहेत त्याने 'यू' घ्यावा, ज्याला फ्लेक्स किंवा लग्नपत्रिकांचे डिझाइन करायचे आहे त्याने 'एच' पाहावा.

दुसरा मुद्दा, नंतर काय बदलता येते? अनेक पातळ व महाग लॅपटॉपमध्ये मेमरी मुख्य बोर्डालाच जोडलेली असते; ती पुढे वाढवता येत नाही. ॲपलचा एम १ चिपचा मॅकबुक एअर २०२० मध्ये भारतात ९२,९०० रुपयांपासून आला, तो ८ जीबी मेमरीसह. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच कंपनीने एअरची किमान मेमरी १६ जीबी केली. ज्यांनी आधी ८ जीबीचा घेतला, त्यांना ती वाढवण्याची सोय नव्हती. तेव्हा जे बदलता येत नाही त्यावर आधी पैसा घालावा : प्रोसेसर, मेमरी, पडदा. साठवणुकीला बाहेरची डिस्क जोडता येते. रंगाचे काम करणाऱ्याने पडदा शंभर टक्के एसआरजीबी आहे का, हे विचारावे. केवळ टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्याने त्यासाठी जादा रुपया देऊ नये.

तिसरा मुद्दा आपल्या हवेचा. ॲपलने मॅकबुकच्या वापरासाठी १० ते ३५ अंश तापमान सांगितले आहे. मराठवाड्यातील मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो. पंखा नसलेले यंत्र तापले की आपला वेग कमी करते. पंखा असलेले यंत्र डाळ मिलची धूळ आणि जिनिंगमधील कापसाचे तंतू आत ओढते. ते वेळोवेळी साफ करून घ्यावे लागते. आपले काम कोठे चालते, हे पाहून निवड करावी.

चौथा मुद्दा दुरुस्तीचा. वॉरंटीत कारागीर नांदेड किंवा लातूरला येतो, की यंत्र हैदराबाद-पुण्याला पाठवावे लागते, हे खरेदीपूर्वी लेखी घ्यावे. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्याचे यंत्र २० तारखेच्या तोंडावर दहा दिवस बाहेरगावी गेले, तर उत्तम हार्डवेअर काय कामाचे?

शेवटी हप्त्यांविषयी. सप्टेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने 'शून्य टक्के' हप्त्यांच्या योजनांना मनाई करताना म्हटले होते की, त्यांत व्याज बहुधा प्रक्रिया शुल्काच्या आड दडवून ग्राहकाच्या माथी मारले जाते. आजही 'नो कॉस्ट' हप्ता दिसला, की रोखीचा भाव व सर्व हप्त्यांची एकूण रक्कम, शुल्कासह, शेजारी शेजारी मांडावी. व्याज टाळू इच्छिणाऱ्या बांधवांनी तर हे अवश्य करावे.

बांधवांनो, दुकानात जाण्यापूर्वी कागदावर पाच ओळी लिहा : काम कोणते, प्रोसेसरचे पूर्ण नाव, मेमरी वाढते का, दुरुस्ती कोठे, वर्षाचा खर्च किती. या पाचांची उत्तरे पटली तर लाख रुपयेही योग्य आहेत. पटली नाहीत, तर साठ हजारांचा लॅपटॉप घेऊन उरलेले पैसे मालात घालणे, हाच शहाणपणाचा व्यवहार.