दगडातील आम्ल : परिसर अभ्यासाचा एक पाठ

नाशिक जिल्ह्यातील बालकास दगड म्हटला की काळा पाषाणच आठवतो. त्यात गंधक नाममात्र असल्याने तो पावसात भिजला तरी पाणी आंबट होत नाही. चंद्रपूर-वणीकडील कोळसाखाणींविषयी मात्र असे निःशंकपणे म्हणता येत नाही. तेथील उघड्या खाणींत कोळशावरील दगडमातीचे थर उपसून त्यांचे ढीग रचतात. त्या थरांत पायराइट, म्हणजे लोह व गंधक यांचे सोनेरी झाकेचे संयुग असेल, तर हवापाणी लागताच त्यापासून गंधकाम्ल तयार होते. मग ओढा तांबूस होतो, मासे मरतात. मेघालयातील जैंतिया टेकड्यांत असेच घडले. तेथील कोळशात गंधक फार. २०१४ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने तेथील बिळांसारख्या खाणींवर बंदी घातली. विदर्भातील कोळशात गंधक सामान्यतः कमी असते. तथापि सर्व थर सारखे नसतात.

म्हणून ढीग रचण्यापूर्वीच हिशेब मांडावा लागतो. हे गणित सातवीच्या मुलांस सहज जमेल. १ टन दगडात १ टक्का गंधक म्हणजे १० किलो. त्यापासून होणारे आम्ल शमविण्यास ३१.२५ किलो चुनखडी हवी. दगडात ती २० किलोच असेल तर तूट ११.२५ किलोंची. ही तूट लगेच दिसत नाही, हे शिक्षकांनी आवर्जून सांगावे. चुनखडी पुरते तोवर पाणी ठीक राहते. कित्येक वर्षांनी ते बिघडते. यास्तव प्रयोगशाळेत दगडाचा चुरा दर आठवड्यास भिजवून त्याचे निथळलेले पाणी अनेक महिने तपासतात.

वर्गातील प्रयोगास खर्च नाही. काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत सापडणारे निरनिराळे पांढरे स्फटिक मुलांकडून आणवावे, कुटावे व त्यांवर लिंबाचा रस टाकावा. बुडबुडे आले तर ते कॅल्साइट. चुनखडीचा मुख्य घटक तोच. न आल्यास बहुधा झिओलाइट. पांढरे ते सारे चुन्याचे, ही समजूत येथे सुटते. नंतर जास्वंदीच्या काढ्यात लिंबाचे दोन-चार थेंब टाकून तो लाल करावा आणि कॅल्साइटची भुकटी ढवळावी. हळूहळू लाली उतरते.

खाणीवरही तत्त्व हेच. संशयास्पद दगडात चुनखडी मिसळतात, तो ढिगाच्या पोटात ठेवून वर चिकणमाती दाबतात, पावसाचे पाणी चर खणून बाजूने काढतात. पायथ्याशी झिरपणारे पाणी मात्र खाण बंद झाल्यावरही तपासत राहावे लागते.