मक्याचे पीक व स्फुरदाचा सदुपयोग

(इयत्ता सहावी व सातवीसाठी पाठ)

उद्देश : खत किती घातले याइतकेच ते कोठे व केव्हा घातले यालाही महत्त्व आहे, हे विद्यार्थ्यांना समजावून देणे.

विषयविवेचन : नत्र, स्फुरद व पालाश ही वनस्पतींची तीन प्रमुख अन्नद्रव्ये होत. स्फुरदामुळे मुळे जोमाने वाढतात व दाणा चांगला भरतो. मक्याच्या कोवळ्या रोपास ते अपुरे पडले म्हणजे वाढ खुंटते व पाने जांभळट दिसू लागतात. थंडीमुळेही असा रंग येतो. म्हणून केवळ पाने पाहून निर्णय न करता माती तपासून घ्यावी.

नत्र पाण्याबरोबर जमिनीत दूरवर जाते. स्फुरद मात्र जेथे पडते तेथेच बहुधा खिळून राहते. काळ्या चुनखडीयुक्त जमिनीत ते चुन्याशी संयोग पावून सहसा न विरघळणारे बनते. कोकणातील जांभ्या, आम्ल जमिनीत लोह व अॅल्युमिनियम त्यास धरून ठेवतात. त्यामुळे घातलेल्या स्फुरदापैकी पहिल्या हंगामात पिकास सामान्यतः 10 ते 25 टक्केच मिळते. शेतकऱ्याने खर्चलेला पैसा अशा रीतीने मातीत अडकून पडतो.

उपाय : (1) खत शेतभर फोकू नये. दोन चाड्यांच्या पाभरीने ते बियाण्याच्या बाजूस सुमारे 5 सेंटिमीटर व तितकेच खाली पेरावे. त्याचा मातीशी संबंध कमी येतो व कोवळी मुळे त्यापर्यंत लवकर पोहोचतात. खत बियाण्यास चिकटता कामा नये. (2) स्फुरदाची संपूर्ण मात्रा पेरणीच्या वेळीच द्यावी. नत्र मात्र हप्त्यांनी द्यावे. (3) शेणखत वा कंपोस्ट नियमित घालावे. (4) बियाण्यास स्फुरद विरघळविणारे जिवाणू चोळावेत.

उदाहरण : हेक्टरी 60 किलोग्रॅम स्फुरद द्यावयाचे आहे. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये ते 16 टक्के असते. 60 × 100 ÷ 16 = 375 किलोग्रॅम; म्हणजे 50 किलोग्रॅमची साडेसात पोती. माती परीक्षणात स्फुरद भरपूर आढळल्यास ही मात्रा कमी करता येते.

विशेष सूचना : स्फुरदयुक्त खत खडकापासून तयार होते. राजस्थानात उदयपूरजवळ झामरकोटडा येथे अशा खडकाची खाण आहे. तथापि देशाची बहुतेक गरज आयातीवरच भागते. हा खडक बनण्यास लक्षावधी वर्षे लागतात. शिवाय धुपून गेलेल्या मातीबरोबर स्फुरद तळ्यात गेले म्हणजे शेवाळ माजते व पाणी बिघडते. तेव्हा या खताची नासाडी म्हणजे केवळ एका शेतकऱ्याची हानी नव्हे.

प्रात्यक्षिक : शाळेच्या बागेत मक्याच्या दोन सारख्या ओळी लावाव्यात. खत सारखेच घ्यावे. एका ओळीत ते पसरावे, दुसरीत बियाण्याच्या बाजूस गाडावे. दर आठवड्यास रोपांची उंची व पानांचा रंग विद्यार्थ्यांकडून वहीत नोंदवून घ्यावा.

प्रश्न : (1) स्फुरद फोकून देणे हिताचे का नाही? (2) हेक्टरी 48 किलोग्रॅम स्फुरदासाठी सुपर फॉस्फेटची किती पोती लागतील?