मासळी : बाजारापासून चुलीपर्यंत

कोकणातील जाणती गृहिणी बांगड्याचे कालवण करावयाचे ठरविते तेव्हा मसाला वाटण्यापूर्वी ती माशाचा कल्ला उघडून पाहते. कल्ला लालभडक, डोळा फुगीर व स्वच्छ, अंग ताठ आणि बोटाने दाबले असता खळगा न राहणारे, एवढे पाहून झाले की तिची खात्री पटते. ही तपासणी केवळ चवीसाठी असते, असा अनेकांचा समज आहे. तो अपुरा आहे.

बांगडा, सुरमई, कुपा, तारली यांच्या मांसात हिस्टिडीन नावाचे द्रव्य विपुल असते. मासळी उन्हात वा उबेत राहिली की जंतू त्याचे रूपांतर हिस्टामिनमध्ये करतात. अशी मासळी खाल्ल्यानंतर काही मिनिटांत किंवा एक-दोन तासांत चेहरा लाल होतो, डोके दुखते, अंगाला खाज सुटते, छातीत धडधडते, क्वचित उलट्याही होतात. ‘मासळी बाधली’ किंवा ‘पित्त उठले’ असे म्हणून घरोघर हा विषय संपविला जातो आणि दोष बिचाऱ्या मसाल्याला लागतो. वस्तुतः एकदा निर्माण झालेले हिस्टामिन उकळल्याने, तळल्याने, गोठविल्याने किंवा खारविल्याने नाहीसे होत नाही. मासळीला दुर्गंधी येईलच असेही नाही. स्वयंपाकघरात या दोषावर उपाय नाही. तो त्याआधीच, बर्फाने करावा लागतो. उष्ण हवेत मासळीच्या वजनाइतका बर्फ लागतो, म्हणजे किलोस किलो. रुग्णाला श्वास घेण्यास त्रास होऊ लागल्यास घरगुती उपचारांत वेळ न दवडता त्याला रुग्णालयात न्यावे.

किनाऱ्यापासून दूरच्या आठवडी बाजारात म्हणूनच मासळीच्या ओट्यावर छप्पर, स्वच्छ पाणी आणि वितळलेल्या बर्फाच्या निचऱ्याची सोय या गोष्टी शोभेच्या नव्हेत. ग्रामपंचायतींनी याकडे आरोग्याचे काम म्हणून पाहावयास हवे.

घरी आणलेल्या बांगड्याचे कल्ले व आतडी लगेच काढावी, कारण जंतूंचे ठाणे तेथेच असते. मासा धुऊन मीठ व हळद लावून ठेवावा. चार मध्यम बांगड्यांना आठ-दहा तिरफळे व पाच-सहा आमसुले पुरतात. लाल मिरच्या, धणे, हळद व थोडे ओले खोबरे बारीक वाटून घ्यावे. तिरफळाचे काळे बी काढून टाकावे व साल किंचित ठेचून रश्शात सोडावे. ते वाटणात घालू नये, कालवण कडवट होते. बांगडा-तारलीसारख्या तेलकट मासळीला तिरफळाचा उग्र वास मानवतो. पापलेटाला तो घालणे म्हणजे पापलेटाची नाजूक चव हरविणे होय. रश्श्याला एक उकळी आली की आमसुले व तुकड्या सोडून सात-आठ मिनिटे मंद आच द्यावी. डावाने ढवळू नये. भांडे कडांना धरून हलवावे. मांस पांढरे होऊन काट्यापासून सुटू लागले की चुलीवरून उतरवावे. आंबट कालवण कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात मुळीच करू नये.

मोरीची गोष्ट निराळी. तिच्या अंगात युरिया असतो, मेल्यावर त्याचा अमोनिया बनतो आणि नाकाला झोंबणारा दर्प येतो. म्हणून मोरी ताजीच घ्यावी. बोंबिलात पाणी फार. तो चिरून वजनाखाली दाबल्याशिवाय तव्यावर कुरकुरीत होत नाही.

तिसऱ्या, कालवे, शिनाणे यांबाबत मात्र अधिक दक्षता घ्यावी. हे जीव पाणी गाळून त्यातील अन्न खातात. पाण्यातील घाणीचे जंतूही त्याबरोबर त्यांच्या अंगात साठतात. गावाचे सांडपाणी ज्या खाडीत सोडले जाते, त्याच खाडीतून दुसऱ्या दिवशी तिसऱ्यांची टोपली घरी येते, हे गटाराची जागा ठरविताना ध्यानात घेतले जात नाही. तिसऱ्या मिठाच्या पाण्यात काही तास ठेवल्यास रेती निघून जाते. जंतू जात नाहीत. उघड्या शिंपल्यावर टिचकी मारूनही तो मिटत नसेल तर आतील जीव मेलेला समजून टाकून द्यावा. उलट, चांगले उकडूनही जो उघडत नाही तोही टाकावा. उकडल्यावर सुटलेले पाणी मात्र गाळून सुक्यात घालावे, कारण खरी चव त्यातच असते.

जून व जुलै महिन्यांत यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. त्या काळात सुकट, जवळा, सुके बोंबील यांवर घर चालते. बांबूच्या वलांडीवर टांगून वाळविलेले बोंबील रेतीवर वाळविलेल्यांपेक्षा स्वच्छ असतात, थोडे अधिक पैसे देऊनही तेच घ्यावेत. जवळा निवडून कोरड्या तव्यावर भाजावा, मग धुवावा. उन्हात पडून राहिलेला बांगडा खारवून टिकविण्याचा मोह विक्रेत्यांनी व गृहिणींनी टाळावा. वर सांगितलेले हिस्टामिन मिठानेही जात नाही. ताज्याच बांगड्याचा खारा घ्यावा, शिजविण्यापूर्वी दोन-तीन पाण्यांत भिजवावा आणि कालवणात मीठ चव पाहूनच घालावे.