पायथा, माथा आणि मधले मजले

आधीच सांगून टाकते. माझी शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. पण विषय असा आहे की लिहिल्याशिवाय राहवेना.

झालं असं की गेल्या वर्षी गॅदरिंगच्या क्विझमध्ये शेवटचा प्रश्न आला, "नेपाळचा हिमालय चढत गेलं तर वनस्पतींच्या सर्वांत जास्त प्रजाती कुठे सापडतील? पायथ्याशी, मधल्या उंचीवर की माथ्याजवळ?" मी बझर दाबला आणि ठणकावून सांगितलं, "पायथ्याशी!" यात विचार काय करायचाय? खाली ऊब, वर थंडी. वर जावं तशा प्रजाती कमी. सरळ रेषेचा ग्राफ! उत्तर चुकलं. १० मार्कांनी ट्रॉफी गेली आणि माझी रूममेट अजूनही मेसच्या लाइनमध्ये मला "काय गं पायथा" अशी हाक मारते. शेवटी सबमिशन्स संपल्यावर लायब्ररीत बसून हा विषय वाचून काढला.

हा प्रश्न तसा जुना आहे. १८०२ साली अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट हा जर्मन शास्त्रज्ञ आजच्या इक्वेडोरमधल्या चिंबोराझो पर्वतावर चढला. माथा काही गाठता आला नाही, पण कोणत्या उंचीवर कोणती झाडं येतात याच्या नोंदी त्याने केल्या. पुढे १८०७ मध्ये एक मोठं चित्र छापलं, त्यात डोंगर मधोमध कापून आतमध्ये उंचीप्रमाणे वनस्पतींची नावं लिहिली आहेत. आपल्या भाषेत सांगायचं तर डोंगराचा सेक्शनल व्ह्यू!

आता नेपाळकडे येऊ. तराईचा सखल भाग समुद्रसपाटीपासून १०० मीटरच्याही खाली आणि एव्हरेस्ट ८८४८ मीटरच्या वर. एवढा चढ एकाच छोट्या देशात! खाली सालाची जंगलं, मग ओक, त्याच्यावर गुरांस म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन, मग फर आणि भूर्ज. साधारण ४००० मीटरच्या आसपास झाडं संपतात आणि पुढे झुडपं, गवत, दगडाला चिकटून वाढणारी रोपं. ग्रिट्नेस आणि वेटास या दोन संशोधकांनी २००२ मध्ये नेपाळमधल्या वनस्पतींचा उंचीप्रमाणे हिशेब मांडला. सर्वांत जास्त प्रजाती निघाल्या १५०० ते २५०० मीटरच्या पट्ट्यात. म्हणजे ग्राफ सरळ रेषेचा नाही, उंटाच्या पाठीसारखा.

असं का? एक कारण हवामान. दर १००० मीटरला तापमान साधारण ६.५ अंशांनी उतरतं. तराईत उन्हाळा कडक आणि कोरडा, खूप वर गोठवणारी थंडी. मधल्या पट्ट्यात मान्सूनचे ढग अडतात, ओल भरपूर आणि थंडीही सोसवेल इतकीच. त्यामुळे खालच्या आणि वरच्या, दोन्हीकडच्या वनस्पती तिथे एकत्र भेटतात.

दुसरं कारण वाचून मात्र मी उडालेच, कारण त्यात वनस्पतीशास्त्र नाहीच, नुसती प्रोबॅबिलिटी आहे! समजा डोंगराची उंची ० ते १ आहे. प्रत्येक प्रजातीची खालची आणि वरची हद्द चिठ्ठ्या काढून ठरवली. अशा १०० प्रजाती घेतल्या, तर बरोबर मध्यावर त्यातल्या किती सापडतील? प्रजाती तिथे असायला एक हद्द खाली आणि एक वर हवी. ०.५ गुणिले ०.५ गुणिले २, म्हणजे सरासरी ५०. हेच एक दशांश उंचीवर करा. ०.१ गुणिले ०.९ गुणिले २, म्हणजे फक्त १८. माथ्याजवळही तेवढ्याच. मी दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहून रन केला आणि स्क्रीनवर उंटाची पाठ हजर! हवामान नाही, माती नाही, तरी मध्ये गर्दी. याला मिड-डोमेन इफेक्ट म्हणतात. रॉबर्ट कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ पासून ही कल्पना मांडली आणि तिच्यावर बरीच वादावादी झाली.

वाद का, तर गणिताप्रमाणे शिखर बरोबर मध्यावर यायला हवं. नेपाळमध्ये वनस्पती साधारण ६००० मीटरपर्यंत जातात, म्हणजे मध्य ३००० ला. पण खरी गर्दी त्याच्या खाली आहे. म्हणजे निव्वळ गणित पुरत नाही. शिवाय एक गोम आहे. एखादी वनस्पती १००० आणि ३००० मीटरला सापडली, की मधल्या सगळ्या उंचींवर ती आहेच असं धरून मोजतात. हे तर आपल्या मॅथ्समधलं इंटरपोलेशन! त्यानेही मधले आकडे फुगतात, आणि हे त्याच दोघांनी आपल्या पेपरमध्ये दाखवून दिलंय.

आणखी एक गोष्ट कळली आणि मला जरा बरं वाटलं. २००९ मध्ये क्रिस्टी मॅक्केन यांनी जगभरातल्या डोंगरांवरच्या पक्ष्यांची तुलना केली. कोरड्या डोंगरांवर मध्ये जास्त प्रजाती, पण दमट डोंगरांवर बऱ्याचदा खालीच जास्त. म्हणजे माझं उत्तर अगदीच भोपळा नव्हतं, फक्त डोंगर चुकला होता!

पण वाचता वाचता ट्रॉफीचं दुःख मागेच पडलं. सगळे मोजतात मधली गर्दी. माथ्यावर प्रजाती थोड्या, पण त्यातल्या कित्येक दुसरीकडे कुठेच नसतात. हवा तापली की खालचे एक मजला वर सरकतात. टॉप फ्लोअरवाल्यांनी कुठे जायचं? गच्चीच्या वर मजला नाही. पेरूमधल्या पांतियाकोया नावाच्या डोंगरावर १९८५ मध्ये पक्षी मोजले होते. २०१७ मध्ये पुन्हा मोजले. तापमान अर्ध्या अंशापेक्षाही कमी वाढलं होतं, तरी बहुतेक पक्षी वर सरकले होते आणि माथ्यावर पूर्वी सर्रास दिसणाऱ्या काही प्रजाती सापडल्याच नाहीत.

आपला सह्याद्री तर ठेंगणा. सर्वांत उंच कळसूबाई, १६४६ मीटर. साताऱ्याजवळचा वायतुरा सह्याद्रीच्या उंच सड्यांवरच फुलतो, त्याला वर सरकायला जागा किती? पुढच्या वेळी कास पठारावर ग्रुप फोटो काढायला जाल तेव्हा पाय जरा बघून टाका. तिथे आपण कुणाच्या तरी शेवटच्या मजल्यावर उभे असतो.

आणि क्विझवाल्यांनो, यंदा प्रश्न बदला. "डोंगर तापला तर सर्वांत आधी कोण बेघर होईल?" असं विचारा. बझर मीच दाबणार!